ॲम्पिअरचा चोख हिशोब

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला ही गावे मँगनीजच्या खाणींसाठी ओळखली जातात. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारी रेल्वे याच पट्ट्यातून धावते. खाणकामाचा हा वारसा शंभर वर्षांहून जुना आहे. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली. 1962 साली तिच्या वारसदार कंपनीच्या मालमत्तेतून, केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये यांच्या सहभागाने, आजची मॉयल ही कंपनी उभी राहिली.

डोंगरी बुजुर्गला खाणीखेरीज आणखीही काही आहे. 1990च्या दशकात मॉयलने इथे इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा, म्हणजे ईएमडीचा, कारखाना उभारला. सुरुवातीची क्षमता वर्षाला 1,000 टन, तंत्रज्ञान देशी. घड्याळाच्या, रिमोटच्या, टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते, तिचा अतिशय शुद्ध प्रकार म्हणजे ईएमडी. ही भुकटी विजेच्या जोरावर तयार होते, आणि ती किती तयार होणार हे करंट ठरवतो. करंट अचूक मोजणे म्हणजे काय, ते मोजमाप कुठे चुकते आणि कसे सुधारते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

करंट अचूक मोजायचा म्हणजे महागडे मीटर आणायचे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सुधारणेची सुरुवात एका प्रश्नापासून होते: आपण करंट कशासाठी मोजतो आहोत? काम बदलले की घातक चूक बदलते. एका ठिकाणी जी चूक लाखोंचा फटका देते, ती दुसऱ्या ठिकाणी काहीच बिघडवत नाही. हे ओळखल्याशिवाय केलेला खर्च बहुतेक वेळा भलत्याच जागी जातो.

काळ्या भुकटीचे गणित

ईएमडीच्या टाकीत मँगनीज सल्फेट आणि गंधकाम्ल यांचे द्रावण असते, तापमान उकळबिंदूच्या थोडे खाली. त्यात धनाग्र आणि ऋणाग्र म्हणून पत्रे सोडलेले असतात. डीसी करंट सुरू झाला की द्रावणातले मँगनीज धनाग्रावर डायऑक्साइडच्या रूपाने थर धरते आणि ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. थर पुरेसा जाड झाला की पत्रे बाहेर काढून तो झाडतात, धुतात, दळतात.

खांबावरून येणारी वीज एसी. टाकीला हवा डीसी, तोही फार कमी व्होल्टेजचा पण प्रचंड करंटचा. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे रेक्टिफायर. त्यातले थायरिस्टर नावाचे स्विच प्रत्येक आवर्तनात ठरावीक क्षणी उघडतात आणि तो क्षण पुढेमागे करून करंट कमीजास्त केला जातो. केव्हा उघडायचे हे नियंत्रकाला कळते ते करंट मोजणाऱ्या सेन्सरकडून. सेन्सर खोटे बोलला, तर नियंत्रक ते खोटे प्रामाणिकपणे अमलात आणतो. मीटरवर हवा तोच आकडा दिसत राहतो आणि टाकीत भलताच करंट वाहत असतो.

मायकेल फॅरेडेने 1830च्या दशकात शोधलेला नियम इथे कामी येतो: विद्युतविघटनात किती पदार्थ साचणार, हे त्यातून किती विद्युतभार गेला यावरच ठरते. मँगनीज डायऑक्साइडच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन लागतात. त्यावरून हिशोब मांडला, तर 1,000 ॲम्पिअरचा करंट एका टाकीतून तासभर सोडल्यावर जास्तीत जास्त 1.62 किलो माल मिळू शकतो. वर्षाला 1,000 टन माल हवा असेल, तर सर्व टाक्यांतल्या करंटची बेरीज रात्रंदिवस, वर्षभर, सुमारे 70,000 ॲम्पिअर ठेवावी लागते. टाक्या एकापुढे एक जोडल्या की तोच करंट सगळ्यांतून जातो, त्यामुळे रेक्टिफायरला त्याचा एक हिस्साच पुरवावा लागतो.

आता समजा करंट मोजण्यात फक्त 1 टक्का चूक आहे. 1,000 टनांच्या हिशोबात ती 10 टनांची तफावत झाली. माल खरोखरच कमी पडला असे नाही. पण प्रत्यक्ष वजन आणि विजेवरून काढलेले अपेक्षित वजन यांचा मेळ बसत नाही. या दोन वजनांच्या गुणोत्तराला करंटची कार्यक्षमता म्हणतात. ती घसरली, तर धनाग्रावर भलतीच अभिक्रिया होते आहे, कुठेतरी टाकीच्या ओल्या बैठकीतून करंट गळतो आहे, किंवा मीटरच चुकते आहे. मीटरवर भरवसा नसेल, तर पहिल्या दोन दुखण्यांचा शोधही लागत नाही. शिवाय धनाग्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे किती ॲम्पिअर द्यायचे, यालाही मर्यादा असते. करंट हावरेपणाने वाढवला तर थराचा दर्जा बिघडतो आणि धनाग्राचा टायटॅनियमचा पत्रा निकामी होऊ लागतो.

वजनावरून करंट ओळखण्याची ही रीत एके काळी जगाचे अधिकृत माप होती. 1893 साली शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ॲम्पिअरची व्यावहारिक व्याख्या ठरली ती अशी: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून जो करंट सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी साचवतो, तो एक ॲम्पिअर. 1948पर्यंत हे माप चालले. आजही कोणत्याही शाळेत याची छोटी आवृत्ती करता येते. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याचे दोन पत्रे सोडून एक ॲम्पिअरचा स्थिर करंट तासभर सोडला, तर ऋणाग्राचे वजन 1.19 ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे. सोनाराच्या दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ही वाढ टिपता येते आणि शाळेतला ॲमिटर साधारण एक टक्क्याच्या आत तपासून होतो.

चूक कोणत्या जातीची?

करंट डोळ्यांना दिसत नाही. तो दुसऱ्या कशावरून तरी ताडावा लागतो: साचलेल्या धातूच्या वजनावरून, माहीत असलेल्या रोधावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून, किंवा तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून. प्रत्येक रीतीच्या चुका वेगळ्या. पण त्या मुख्यतः दोन जातींत मोडतात.

धान खरेदी केंद्रावरचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. बारदान्याचे वजन वजा करायचे राहिले, तर प्रत्येक पोत्यामागे तेवढेच वजन जास्त लागते. पोते भरलेले असो वा अर्धे, चूक तितकीच. ही शून्याची चूक. काटाच शंभराला एकशे दोन दाखवत असेल, तर माल जितका जास्त तितकी चूक मोठी. ही प्रमाणाची चूक. करंट सेन्सरमध्ये या दोन्ही असतात. शून्याची चूक असली की करंट नसतानाही थोडा आकडा दिसतो. प्रमाणाची चूक मात्र शून्यावर दिसत नाही. ती भार चढल्यावरच उघडी पडते.

ईएमडीच्या टाकीला रात्रंदिवस जवळजवळ पूर्ण भाराचा करंट लागतो. तिथे शून्याची थोडीशी चूक मोठ्या आकड्यात विरून जाते. घात करते ती प्रमाणाची चूक. उलट, बॅटरीत किती चार्ज उरला हे करंटची सतत बेरीज करून काढायचे असेल, तर शून्याची चूक साचत जाते. 0.1 ॲम्पिअरची चूक दिवसभरात 2.4 ॲम्पिअर-तासांची होते, मग बॅटरी नुसती पडून का असेना.

शंट: जुना पण खणखणीत उपाय

मोठा डीसी करंट मोजण्याचे सर्वात विश्वासू साधन म्हणजे शंट. हातात घेतला तर तो ओबडधोबड वाटतो: दोन टोकांना पितळेचे जाड ठोकळे, त्यांच्यामध्ये समांतर झाळलेल्या तांबूस-करड्या पट्ट्या, ठोकळ्यांना मोठ्या बोल्टची भोके आणि शेजारी दोन लहान स्क्रू. मोठ्या बोल्टांना बसबार, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या, जोडतात, लहान स्क्रूंना मीटरच्या तारा. 1,000 ॲम्पिअर, 75 मिलिव्होल्ट असे त्यावर कोरलेले असेल, तर त्याचा अर्थ पूर्ण करंटला दोन स्क्रूंमध्ये 75 मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे रोध अवघा 75 मायक्रोओहम. तरीही त्यात 75 वॅट उष्णता तयार होते.

त्या पट्ट्या मँगनिनच्या असतात. मँगनिन हा तांब्याचा मिश्रधातू. त्यात सुमारे 12 टक्के मँगनीज आणि थोडे निकेल असते. एडवर्ड वेस्टन या संशोधकाने तो 1892च्या सुमारास विकसित केला. तुमसरच्या मातीत जे मूलद्रव्य सापडते, तेच तांब्यात मिसळल्यावर अचूक मापनाचा कणा होते.

साधे तांबे का चालत नाही, याचे उत्तर आपल्या हवेत आहे. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. जानेवारीच्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्याच्या दुपारी 45 अंश धरले, तरी तांब्याच्या पट्टीचे माप सुमारे 14 टक्क्यांनी बदलेल. वर करंटमुळे होणारी गरमी वेगळीच. मँगनिनचा रोध नेहमीच्या तापमानात अंशाला फार तर दहा-वीस लाखांश बदलतो. त्याच 35 अंशांच्या फरकात चूक 0.1 टक्क्याच्याही आत राहते.

मँगनिनचा आणखी एक गुण कमी लोकांना ठाऊक असतो. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला असले की आपोआप थोडे व्होल्टेज तयार होते. कॉन्स्टंटन हा मिश्रधातूही तापमानाला दाद देत नाही, पण तांब्याशी जोडल्यावर तो अंशाला सुमारे 40 मायक्रोव्होल्ट देतो. शंटचे एक टोक दुसऱ्यापेक्षा 10 अंश जास्त गरम असेल, तर 400 मायक्रोव्होल्ट, म्हणजे 75 मिलिव्होल्टच्या अर्धा टक्का, फुकटचे मिळतात. मँगनिन आणि तांबे यांच्यात हे व्होल्टेज नगण्य असते. म्हणून डीसी शंटला मँगनिनच बरे.

आता ते दोन लहान स्क्रू. मीटरच्या तारा मोठ्या बोल्टांवरच का लावत नाहीत? कारण बोल्ट आणि बसबार यांच्या सांध्यालाही रोध असतो. सांधा थोडा सैल, थोडा गंजलेला असेल, तर तो सहज पाच-दहा मायक्रोओहमचा होतो. शंट स्वतःच 75 मायक्रोओहमचा. म्हणजे सांध्यातूनच दहा टक्क्यांची चूक शिरली. करंट एका जोडीतून न्यायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीतून घ्यायचे, ही चार टोकांची रीत लॉर्ड केल्व्हिनच्या नावाने ओळखली जाते. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे लहान स्क्रूंच्या सांध्यात व्होल्टेज पडत नाही आणि शंटचे खरे माप मिळते. आकडे दर महिन्याला वेगळे येत असतील, तर नवे मीटर मागवण्याआधी या चार जागा पाहाव्यात. सांधे साफ करून, ठरावीक ताकदीने आवळून, मीटरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या, तर पुष्कळशी तक्रार तिथेच मिटते. शंट सतत पूर्ण क्षमतेवर न चालवता दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवणेही शहाणपणाचे; तो जितका थंड, तितका प्रामाणिक.

चुंबकाच्या वाटेने

शंटच्या दोन अडचणी आहेत. तो उष्णता करतो आणि मीटर थेट मोठ्या व्होल्टेजच्या सर्किटला जोडले जाते. तार न तोडता मोजायचे तर चुंबकीय क्षेत्राचा आधार घ्यावा लागतो. एसीसाठी करंट ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे सीटी म्हणतात, हा उत्तम. पण तो बदलत्या क्षेत्रावर चालतो, त्यामुळे स्थिर डीसी त्याला दिसतच नाही. उलट एसीत डीसीचा अंश मिसळला, तर सीटीचा गाभा संपृक्त होतो आणि एसीचे मापही बिघडते.

डीसीसाठी हॉल परिणाम कामाला येतो. 1879 साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला आणि त्यावर आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज दिसले. आजच्या सेन्सरमध्ये सोन्याच्या जागी अर्धवाहक असतो. बसबारभोवती फेरीत गाभा, गाभ्याला बारीक फट, फटीत हॉलची चकती. ही साधी रचना. हिची चूक एक-दोन टक्क्यांपर्यंत जाते, कारण हॉलची चकती तापमानाबरोबर बदलते.

यावरचा तोडगा फार सुंदर आहे. गाभ्यावर तारेचे हजारो फेरे गुंडाळायचे आणि त्यांतून उलट दिशेने इतका करंट सोडायचा की गाभ्यातले क्षेत्र शून्य व्हावे. हॉलच्या चकतीने फक्त ‘शून्य झाले का’ एवढेच सांगायचे. शून्य झाले की मुख्य करंट आणि उलटा करंट यांचे प्रमाण फेऱ्यांच्या संख्येवर ठरते, आणि फेरे उन्हाने वाढत-घटत नाहीत. प्रमाणाची चूक अशी मुळातच बांधली जाते. हाच विचार आणखी पुढे नेऊन बनवलेले सेन्सर जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वापरतात. तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या मुख्य चुंबकांना सुमारे 12,000 ॲम्पिअर लागतात आणि ते दहा लाखांत काही भाग इतक्या अचूकतेने सांभाळावे लागतात.

तरीही महाग सेन्सर चुकीच्या जागी बसवला की व्यर्थ जातो. शेजारून परत जाणारा दुसरा बसबार जवळ असेल, तर त्याचे क्षेत्र गाभ्यात शिरते. बसबार भोकाच्या मधोमध नसेल, तरी आकडा हलतो. तारेभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या कोणत्याही डीसी टाँग टेस्टरवर हे पाहता येते. करंट स्थिर ठेवा आणि तार जबड्याच्या मध्यावरून कडेला सरकवा. आकडा थोडा बदलेल. टेस्टर उलटा करून त्याच तारेवर लावा. दोन आकडे, चिन्ह सोडून, सारखे आले नाहीत, तर त्यांच्यातला निम्मा फरक म्हणजे शून्याची चूक. या छोट्या चाचणीला पैसा लागत नाही आणि टेस्टरची खरी कुवत कळते. करंट फार लहान असेल, तर तार जबड्यातून पाच वेळा वेढा देऊन न्यावी आणि आलेला आकडा पाचाने भागावा. शून्याची चूक एक-पंचमांश होते.

बांधीवरचा पंप

आता खाणीच्या पट्ट्यातून धानाच्या बांधीवर येऊ. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 साली सुरू झाली आणि महाराष्ट्राची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 साली. वैनगंगेच्या खोऱ्यात रोवणीच्या दिवसांत पाऊस दडी मारतो आणि उन्हाळी धानाला तर पाणी हवेच असते. सौर पॅनेलचा डीसी घेऊन मोटार चालवणारी जी पेटी खांबावर बसते, तिच्यात ही वीज क्षणाक्षणाला तोडून-जोडून तिला हवा तो आकार दिला जातो. सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे आयजीबीटी किंवा मॉसफेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच तिचे हृदय आणि करंट सेन्सर हे तिचे डोळे.

या पेटीची पहिली जबाबदारी म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणे. उन्हाप्रमाणे पॅनेलचा एक उत्तम बिंदू असतो, जिथे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार सर्वाधिक होतो. नियंत्रक व्होल्टेज थोडे हलवून गुणाकार वाढला का ते पाहतो आणि त्या बिंदूपाशी राहतो. इथे प्रमाणाची चूक अजिबात त्रास देत नाही. करंट दोन टक्के जास्त दिसला, तर सगळे गुणाकार दोन टक्के जास्त येतील, पण सर्वात मोठा गुणाकार त्याच जागी राहील. शून्याची चूक मात्र बिंदूच सरकवते. प्रत्येक मोजणीत ठरावीक करंट जास्तीचा धरला गेला, तर नियंत्रकाला जास्त व्होल्टेज आकर्षक वाटू लागते आणि तो उत्तम बिंदूवरून घसरतो. कडक उन्हात 8 ॲम्पिअर येत असताना 0.1 ॲम्पिअरची चूक सव्वा टक्का; ढगाळ दिवशी 1 ॲम्पिअर येत असताना तीच दहा टक्के. श्रावणात आभाळ भरलेले असताना पंपाने पाणी काढावे असे वाटत असेल, तर शून्य नीट हवे. ईएमडीच्या कारखान्यात नेमके उलटे होते.

उपाय सोपा आहे. सकाळी पेटी जागी झाल्यावर, स्विच उघडझाप सुरू करण्याआधी, करंट नक्की शून्य असतो. त्या वेळी सेन्सरचे वाचन घेऊन ठेवायचे आणि दिवसभर ते वजा करायचे. दुपारी पत्र्याची पेटी तापली की शून्य पुन्हा सरकते. म्हणून पेटी सावलीत, हवा खेळती राहील अशी बसवणे हेही मापनाचेच काम आहे.

दुसरी जबाबदारी म्हणजे मोटार सांभाळणे. विहिरीचे पाणी तळाला गेले की पंप कोरडा फिरतो आणि मोटारीचा करंट घटतो; या घटीवरून पेटी पंप बंद करते. मोटारीचे नियंत्रण अधिक बारकाईचे असेल, तर फेज करंटच्या सेन्सरमधील शून्याची चूक मोटारीच्या जोरात विद्युत आवर्तनामागे एक हिसका आणते. दोन फेजच्या सेन्सरचे प्रमाण जुळत नसेल, तर आवर्तनामागे दोन हिसके येतात. हिसक्यांचा वेग पाहून जाणकार तंत्रज्ञ पेटी न उघडताच चुकीची जात सांगू शकतो.

कधी पाहायचे, हेही महत्त्वाचे

उघडझापीच्या विजेत करंट करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत राहतो. तो भलत्या क्षणी टिपला, तर कधी शिखर सापडते, कधी दरी. स्विच उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक ज्या त्रिकोणी लाटेवर ठरते, तिच्या टोकाला किंवा तळाला करंट टिपला, तर तो त्या आवर्तनाच्या सरासरीइतका मिळतो. शिवाय त्या क्षणी एकही स्विच बदलत नसल्याने गोंगाटही कमी असतो. सेन्सर तोच, प्रोसेसर तोच, फक्त पाहण्याची वेळ बदलली आणि माप सुधारले. सॉफ्टवेअरच्या एका ओळीत होणारी ही सुधारणा सर्वात स्वस्त आहे.

शंटच्या आत लपलेले इंडक्टन्स हा दुसरा शत्रू. करंट मायक्रोसेकंदाला 100 ॲम्पिअर वेगाने बदलत असेल, तर केवळ 1 नॅनोहेन्री इंडक्टन्सवर 100 मिलिव्होल्ट उमटतात, म्हणजे शंटच्या खऱ्या संकेताहूनही मोठे. म्हणून अशा सर्किटमध्ये शंट आखूड आणि पसरट घेतात आणि मापनाच्या दोन रेषा सर्किट बोर्डावर एकमेकींना चिकटून नेतात.

सेन्सरचा पल्लाही कामाला साजेसा हवा. सेन्सरचा संकेत आकड्यांत बदलणारा 12 बिटांचा रूपांतरक पूर्ण पल्ल्याचे 4,096 भाग करतो. उणे 100 ते अधिक 100 ॲम्पिअरच्या पल्ल्यात एक पायरी सुमारे 0.05 ॲम्पिअरची. 10 ॲम्पिअरच्या पंपाला ‘असू द्या, जास्तीचा’ म्हणून 1,000 ॲम्पिअरचा सेन्सर लावला, तर एक पायरी अर्ध्या ॲम्पिअरची होते आणि बारकावे कायमचे हरवतात.

फिरत्या वायरमनसाठीही इथे एक धडा आहे. स्वस्त टाँग टेस्टर सरासरी मोजून, लाट शुद्ध साइनची आहे असे गृहीत धरून आकडा दाखवतात. चौकोनी लाटेवर असा टेस्टर 11 टक्के जास्त दाखवतो आणि रेक्टिफायर टोकदार शिखरांचा करंट ओढतो तेव्हा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. ड्राइव्ह लागलेल्या राइस मिलमध्ये तार गरम होते आहे, पण टेस्टर करंट बरोबर दाखवतो आहे, अशी तक्रार आली तर पहिला संशय यावरच घ्यावा. टेस्टरवर ‘ट्रू आरएमएस’, म्हणजे लाट कोणत्याही आकाराची असली तरी खरा करंट दाखवणारा, असे लिहिलेले असणे ही आज चैन नाही.

विश्वासाची साखळी

मीटर खरे की खोटे, हे शेवटी कोण ठरवते? 20 मे 2019पासून ॲम्पिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या भारावर बांधली आहे: 1.602176634 गुणिले 10चा उणे 19वा घात कूलॉम, हा आकडा आता कायमचा ठरलेला आहे. व्यवहारात मात्र प्रयोगशाळा व्होल्ट आणि ओहम यांचे क्वांटम मानक सांभाळतात आणि ओहमच्या नियमाने त्यांतून ॲम्पिअर काढतात. तांत्रिक थाट सोडला, तर हे शंटचेच काम. आपल्या देशाची मानके नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. तिथून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, तिथून कारखान्याचे तपासणी-मीटर आणि तिथून रोजचे मीटर अशी साखळी येते. प्रमाणपत्रावर नुसता ‘पास’ शेरा पाहून समाधान मानू नये. कोणत्या करंटला किती चूक आली आणि तपासणीचीच अनिश्चितता किती, हे आकडे वाचावेत. चूक माहीत असली की ती हिशोबातून वजा करता येते.

मोठ्या रेक्टिफायरजवळ साखळीखेरीज आणखी एक आधार असतो, तो म्हणजे उलटतपासणीचा. तीन-फेज ब्रिजला जाणारा एसी करंट, डीसी करंट गुळगुळीत असताना, त्याच्या 0.816 पट असतो. शंट एक आकडा सांगतो, एसी बाजूचा सीटी दुसरा, आणि आठवड्याअखेर मालाचे वजन तिसरा. तिघांचे जुळले तर निश्चिंत व्हावे. एक फुटला तर कोण फुटला हे लगेच कळते. तीन मध्यम साधने एकमेकांवर लक्ष ठेवून असतील, तर ती एकट्या महागड्या साधनापेक्षा जास्त भरवशाची ठरतात.

भंडारा जिल्ह्यात ईएमडीचा कारखाना आहे, पोलादाचे काम आहे, राइस मिल आहेत आणि बांधाबांधावर सौर पंप लागत आहेत. या सगळ्यांना करंट नीट मोजणारी माणसे लागतील, आणि ती बाहेरून आणायची गरज नाही. आयटीआयच्या मुलामुलींना एक शंट, एक बॅटरी, एक टाँग टेस्टर आणि एक तापमापक द्यावा. शून्य नोंदवा, तार सरकवून पाहा, सांधा सैल करून पाहा, शंट तापवून पाहा आणि प्रत्येक वेळी आकडा किती हलला ते वहीत लिहा, असे सांगावे. त्यातून त्यांना समजेल की मीटरवरचा आकडा ही एक साक्ष आहे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. ज्याला आपल्या कामातली घातक चूक ओळखता येते, त्याच्या हातात साधे साधनही चोख हिशोब देते.